विक्रम गोखले आणि त्यांच्या घरातल्या बायका: तुमच्या आठवणी सांगा

निशिगंध:
काल मेथी निवडताना मोबाईलवर 'अग्निहोत्र'चा जुना भाग लावला. नाशिकचा वाडा, मोरेश्वर अग्निहोत्री, आणि एकदम आजी समोर आली. २००८ साली रोज रात्री ती अगदी पुढ्यात बसायची. विक्रम गोखले बोलता बोलता थांबले की आम्हाला दटावायची, "तो गप्प असतो तेव्हाच नीट ऐकायचं." तिनेच जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांची वंशावळ काढून दिली होती. पणजी दुर्गाबाई कामत, आजी कमलाबाई, वडील चंद्रकांत. १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात आई दुर्गाबाई पार्वती आणि लेक कमलाबाई मोहिनी! त्याच वर्षीच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती पुरुषाने केली होती. काय छाती असेल या मायलेकींची!

मंदार_सातारा:
विक्रम गोखल्यांचं 'बॅरिस्टर' नाटक. बाबा लाईट करायचे. म्हणायचे, त्या पॉजमध्ये माझा हात डिमरवर तसाच राहायचा, श्वाससुद्धा दबकत घ्यायचो.

तालवेडा:
तबलेवाले काका राहिले की! लालजी आणि सूर्यकांत गोखले, दोघे कमलाबाईंचेच मुलगे. आमचे गुरुजी लालजींचं नाव घेताना अजून कानाची पाळी पकडतात.

सुलभाताई:
चंद्रकांत गोखल्यांनी युद्धात अपंग झालेल्या जवानांसाठी पैसे दिले, त्याबद्दलही लिहा कोणीतरी. माझा भाऊ फौजेत होता. हे सांगताना त्याचा आवाज जड व्हायचा. कुकर झाला, येते.

पूर्वा_के:
निशिगंध, तुझ्या आजीने वंशावळ बायकांपासून सुरू केली हे फार आवडलं गं. आमच्या कुलवृत्तांतात माझ्या आत्याच्या जागी 'कन्या १' एवढंच छापलंय. तिने आयुष्यभर शाळा चालवली.

मंदार_सातारा:
@पूर्वा, वाईट वाटलं वाचून. पुढच्या आवृत्तीसाठी मंडळाला पत्र टाक ना.

पूर्वा_के:
टाकते. फोटो शोधतेय तिचा, शाळेतला.

तालवेडा:
सुलभाताई, तुमच्या त्या मेथीच्या वड्यांची कृती द्याल?

सुलभाताई:
मेथी निशिगंधची रे 🙂 पण देते, रात्री.

अवनी_पुणे:
नोव्हेंबर २०२२, बालगंधर्वला विक्रम गोखल्यांच्या अंत्यदर्शनाच्या रांगेत होते. पुढच्या बाईंच्या डोळ्याला पदर. ओळखदेख नाही, तरी त्यांच्या 'या सुखांनो या' मालिकेबद्दल बोलत बोलत सरकत राहिलो.

निशिगंध:
अवनी 🙏 ते पान सापडलं! आजीने कमलाबाईंच्या नावाखाली दोनदा रेघ मारलीय.