मदत हवी आहे: 'द सिम्स'मधला आमचा बंड्या मोठा होत नाहीये

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापुरात राहतो. मे महिन्याच्या सुट्टीला पुण्याहून भाची आलीय, वय वर्षं दहा. दुपारी बारानंतर इथं बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून तिला गुंतवायला २००० सालचा 'द सिम्स' हा माणसांचा संसार चालवायचा कॉम्प्युटर गेम लावून दिला. तिथंच चुकलो.

माझ्याकडं मूळ सीडी आहे, पण विंडोज १० वर ती चालेना. त्या सीडीचं सेफडिस्क नावाचं कुलूप ज्या ड्रायव्हरवर उघडायचं, तो मायक्रोसॉफ्टनं बंद केलाय. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये आलेलं लेगसी कलेक्शन घेतलं. त्यात सातही एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या पुरवण्या, एकदमच येतात. नाहीतर तेव्हा आम्ही काय काय भोगलंय! मी हौसेनं त्यातलं 'हॉट डेट' आधी टाकलं आणि नंतर कुणाकडून तरी 'लिव्हिन लार्ज' आणलं. ज्या क्रमानं बाजारात आली त्याच क्रमानं टाकायची असतात, हे कळेपर्यंत तीनदा सगळं काढून पुन्हा टाकलं. त्यात लोडशेडिंग.

असो. भाचीनं आजी, आई आणि बाबा असं घर बसवलं. आईबाबांनी मुका घेतल्यावर गेमनं 'बाळ हवंय का?' विचारलं, हिनं 'हो' दाबलं. बाळ तीन दिवस पाळण्यात रडलं आणि चौथ्या दिवशी एकदम शाळेत जायच्या वयाचं होऊन उभं राहिलं. तोच हा बंड्या. आता हिचा हिशोब असा, की तीन दिवसांत एवढा झाला तर आठवड्यात कॉलेजला जायला हवा. गेममधला महिना उलटून गेला, बंड्या आहे तेवढाच. 'मामा, तू काहीतरी बिघडवलंयस' हे दिवसातून चार वेळा ऐकतोय.

शिवाय आजी सारखी खोकतेय आणि दिवाणखान्यात एक विदूषक येऊन रडत बसलाय. जायचं नावच घेत नाही. या तिन्ही गोष्टींवर काही उपाय आहे का? मी हा गेम शेवटचा खेळलो तेव्हा मला मिशा नव्हत्या.

शेंगाचटणी:
मामा, तुम्ही काही बिघडवलेलं नाही. पहिल्या सिम्समध्ये वयच वाढत नाही. बाळाचं मूल होतं, तिथं गाडी थांबते. पिढ्या, म्हातारपण वगैरे २००४ च्या 'सिम्स २' मध्ये आलं. तुमची आजीसुद्धा आजी नाही, पांढऱ्या केसांची एक बाई आहे एवढंच. पण खोकल्यावरून विचारते, घरात गिनीपिग पाळलाय का?

धागाकर्ता:
पाळलाय. नाव 'लाडू'. पिंजरा साफ केलेला आठवत नाही.

शेंगाचटणी:
मग झालंच. हा 'लिव्हिन लार्ज'मधला प्रसिद्ध घोळ. पिंजरा घाण राहिला आणि तो चावला की आजार होतो. तो एकापासून दुसऱ्याला लागतो आणि माणूस मरूही शकतो. आजीला नुसतं झोपू द्या, कामाला लावू नका, कुणाशी गप्पा मारू देऊ नका. पिंजरा आधी साफ करा. आणि समजा यमदूत आलाच, तर दुसऱ्या सिमला (गेममधल्या माणसाला) त्याच्याशी दगड-कागद-कात्री खेळता येतं. जिंकलात तर आजी परत.

भुईकोट:
विदूषकाचं सोपं आहे. भिंतीवर रडक्या विदूषकाचं चित्र टांगलंय ना? ते घरात असलं आणि घरातलं कुणी उदास झालं की हे बेणं उगवतं. हसवायला येतं आणि सगळ्यांना आणखी रडवतं. चित्र विका आणि माणसांचा मूड वर काढा.

मूड कसा काढायचा म्हणाल, तर यांच्या नोकरीला रविवार नसतो, रोज गाडी दारात. लागोपाठ दोन दिवस दांडी मारली की नोकरी गेली. म्हणून संध्याकाळी 'हॉट डेट'च्या डाउनटाउनला, म्हणजे हॉटेल-दुकानांच्या भागात, न्यायचं. तिथं कितीही वेळ काढा, परत येता तेव्हा घरचं घड्याळ निघालात तिथंच असतं. आपल्याला असं सोलापूरच्या नवी पेठेतून परत येता आलं असतं तर!

आणि बंड्याच्या शाळेकडं लक्ष द्या. मार्क तळाला गेले तर त्याला लष्करी शाळेत पाठवतात आणि तिथून तो परत येत नाही. तसं झालं तर सेव्ह न करता बाहेर पडा.

सातरस्ता:
पैशाचं काय करताय बे? सुरुवातीचे वीस हजार कधीच उडाले असतील. कंट्रोल-शिफ्ट-सी दाबा, 'रोझबड' लिहा, हजार सिमोलियन (गेममधले पैसे) खात्यात. पहिल्या सीडीत हाच शब्द 'क्लापॉशियस' होता, नंतर पॅचमध्ये, म्हणजे कंपनीच्या दुरुस्तीत, बदलला.

बाकी शेंगाचटणीताईंनी सांगितलं ते अर्धंच हाय. बंड्या मोठा होतो की! २००३ चं 'मेकिन मॅजिक' एक्स्पान्शन हाय ना तुमच्याकडं? एक गूढ माणूस खोकं आणून देतो. त्यात जादूची छडी, ती चार्ज करायचं यंत्र आणि मॅजिक टाउनला जायचं जमिनीतलं भोक असतं. त्यात 'एज ऑफ इन्स्टंट' नावाचा मंत्र हाय. त्यानं पोरगं डायरेक्ट मोठं माणूस. सामान मॅजिक टाउनमधून जमवायला लागतंय, चिकाटी ठेवा.

शेंगाचटणी:
अरे हो! तो मंत्र मी कधी वापरलाच नाही, माझी गाडी 'अनलीश्ड'च्या कुत्र्यांवरच थांबली होती. चूक कबूल.

धागाकर्ता (दोन दिवसांनी):
मंडळी, मनापासून आभार. आजी बरी आहे, विदूषक गेला, लाडूचा पिंजरा रोज साफ होतो. प्रत्यक्षातली खोली मात्र तशीच.

मंत्राला दोन दुपारी गेल्या. सामान जमवण्यात भाचीनं बाबांची नोकरी घालवली, पण काल चार वाजता बंड्या मोठा झाला. ती खुर्चीवर उभी राहून नाचली. मग त्यानं पेपर उघडला, नोकरी बघायला. ही पाच मिनिटं गप्प. म्हणाली, 'मामा, आता याला शाळेची बस येणार नाही?' म्हटलं, नाही. 'परत लहान करायचा मंत्र?' तोही नाही.

तिनं सरळ सेव्ह न करता गेम बंद केला. आज सकाळपासून बंड्या पुन्हा दप्तर घेऊन बसची वाट बघतोय.

नवीन अडचण: तिनं टीव्हीसाठी पैसे कमी पडले म्हणून स्विमिंग पूलची शिडी विकली, आणि बाबा पाण्यात अडकलेत. लवकर सांगा.

सातरस्ता:
शिडी लाव बे आधी!!