कॅनबेरा नक्की कोणाचं? वॉल्टर ग्रिफिनचं की मॅरियनचं?

त्रिज्या: काल इथे कोणीतरी ठोकून दिलं की वॉल्टर बर्ली ग्रिफिन सामान्य आर्किटेक्ट होता, बायको मॅरियनने चित्रं रंगवली नसती तर १९१२ ला ऑस्ट्रेलियाची नवी राजधानी कॅनबेरा आखायची स्पर्धा जिंकलाच नसता. डोकं सणकलं म्हणून सविस्तर लिहितोय. १३७ एन्ट्रीज होत्या, त्यात फिनलंडचा आर्किटेक्ट एलिएल सारिनेन दुसरा आला. ग्रिफिनने जागा पाहिलेलीसुद्धा नव्हती, शिकागोत बसून कंटूरवरून (जागेचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावरून) एन्स्ली डोंगरापासून सरळ अक्ष ओढला, त्याला आडवं पाणी घातलं आणि रस्ते डोंगरांकडे तोंड करून आखले. हे काय नुसत्या चित्रकाराला जमतं?

ओळंबा: चित्रकार कोणाला म्हणताय? मॅरियन महोनी १८९४ ची एमआयटीची आर्किटेक्ट. नामवंत अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटच्या ऑफिसात ती १८९५ पासून, तुमचा वॉल्टर तिथे १९०१ ला आला. १९०९ ला राइट क्लाएंटच्या बायकोबरोबर युरोपला निघून गेला तेव्हा मागे राहिलेली कामं फॉन होल्स्ट या दुसऱ्या आर्किटेक्टच्या नावाखाली हिनेच ओढली. आणि एन्स्लीच्या माथ्यावरून अख्खं शहर दिसतंय ते चित्र बघा एकदा, कापडावरचं, नुसत्या प्लॅनवरून परीक्षकांना ते दिसलं असतं का?

ग्राफपेपर: हे आजही तसंच चालतं हो. मी एका ऑफिसात होते, स्पर्धेची शीट्स रात्र रात्र जागून केली, जिना बसत नव्हता तो मी बसवला. बक्षीस मिळालं आणि सरांनी स्टेजवर फक्त स्वतःचं नाव घेतलं.

टाचण: ताई, सही ज्याची नाव त्याचं. स्लॅबला तडा गेला तर नोटीस रेंडरिंग (इमारतीचं रंगीत चित्र) करणाऱ्याला येत नाही.

ग्राफपेपर: मग करा ना सही, कोण अडवतंय! शीटच्या कोपऱ्यात चार नावं लिहायला काय धाड भरते?

टाचण: उद्या प्रिंट काढणारापण नाव मागेल.

ग्राफपेपर: मागू दे. तुमच्या ऑफिसात पोरं का टिकत नसतील ते कळलं.

त्रिज्या: तुमच्यावर अन्याय झाला, मान्य, पण वॉल्टरला त्या सरांच्या रांगेत बसवू नका. कॅनबेरात सरकारी बाबूंनी त्याला इतका छळला की रॉयल कमिशन (सरकारी चौकशी आयोग) बसवावं लागलं, आणि त्याचं म्हणणं खरं निघूनही १९२० ला त्याला बाहेर पडावंच लागलं.

गोमती: कॅनबेरावर भांडताय पण वॉल्टरचा शेवट लखनौत झाला ते कोणी बोलत नाही. १९३५ ला विद्यापीठाच्या लायब्ररीसाठी आला, मग पायोनियर वृत्तपत्राच्या प्रेसची इमारत, प्रदर्शनाचं काम, हाताला उसंत नव्हती. मॅरियन मागून आली. फेब्रुवारी १९३७ मध्ये गॉल ब्लॅडरचं ऑपरेशन झालं, पेरिटोनायटिस (पोटातल्या आवरणाचा संसर्ग) होऊन गेला, कबर तिथेच आहे. मी लखनौत वाढले, शाळेत कोणी नावही काढलं नाही याचा मला आजही राग येतो.

ओळंबा: नंतर शिकागोला परत जाऊन मॅरियनने आठवणींची हजारावर पानं लिहिली, त्यातही वॉल्टरलाच डोक्यावर घेतलं. तेवढा मुद्दा त्रिज्यांचा, घ्या.

त्रिज्या: बरं. प्लॅन वॉल्टरचाच, यावरून मी हलणार नाही. चित्रांवर तिचं नाव हवं, एवढं देतो.

ओळंबा: देतो म्हणजे? तुमच्या खिशातून देताय का? १९६४ ला कॅनबेरातलं तळं भरलं ते वॉल्टरच्या नावाने. एन्स्लीवरच्या व्ह्यूपॉइंटला तिचं नाव लागायला २०१३ उजाडलं.