मदत हवी आहे : शालार्थ आयडी अडकलाय, पुण्याला जाऊन काही होतं का?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण सोलापुरात एका अंशतः अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शाळा ४० टक्के टप्प्यावर आहे, म्हणजे पगाराचा तेवढाच वाटा सरकार देतं. वैयक्तिक मान्यतेचा (तिच्या नेमणुकीला शिक्षण विभागाच्या मंजुरीचा) आदेश हातात आहे, पण शालार्थ आयडी (सरकारी पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक) नाही, त्यामुळे पगार काढणाऱ्या वेतन पथकाकडून एक रुपयाही सुरू झालेला नाही. संस्था देते ते पेट्रोलला पुरतं. २०२३ पासून माध्यमिक शिक्षणसेवकालासुद्धा (सुरुवातीला ठरावीक मानधनावर असलेल्या शिक्षकाला) महिना १८ हजार मानधन आहे, हिला त्याच्या निम्मंही नाही. आणि निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं आली की हिचं नाव यादीत पहिलं! तेव्हा अनुदान कोणी विचारत नाही.

आयडीचा प्रस्ताव जिल्हा परिषदेतून पुण्याला शिक्षण उपसंचालकांकडे गेलाय, असं तोंडी सांगतात. जावक क्रमांक मागितला की 'बघतो'.

ज्यांचा आयडी अलीकडे मिळालाय त्यांनी सांगा: त्रुटी बहुधा कशात निघते, बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदांच्या नोंदीत) की संचमान्यतेत (पटसंख्येनुसार मंजूर पदांत)? माहिती अधिकारात अर्ज पुण्यात करायचा की इथेच? आणि मागच्या पगाराचा फरक मान्यतेच्या तारखेपासून मिळतो का? 'ओळखीनं करून देतो'वाले कृपया नकोत, ते आधीच भेटलेत.