स्वतंत्र विदर्भ : अनुशेष, वीज आणि नव्या राज्याची तिजोरी

कोरडवाहू

वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की एका बाजूने १०५ हुतात्म्यांची आठवण करून दिली जाते आणि दुसऱ्या बाजूने अन्यायाचा पाढा वाचला जातो. मूळ प्रश्न तिथेच राहतो. म्हणून भावनेला हात न घालता माझे मत मांडतो. महाराष्ट्राचे दोन राज्यांत विभाजन व्हावे आणि विदर्भाचे अकरा जिल्हे वेगळे व्हावेत, असे मला वाटते.

ही मागणी कोणा नाराज पुढाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९३८ सालीच महाविदर्भाचा ठराव केला होता, आणि न्या. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात नागपूर राजधानी असलेल्या स्वतंत्र विदर्भाची स्पष्ट शिफारस केली होती. ती बाजूला ठेवून १९५६ साली आधी द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. त्या बदल्यात आम्हाला काय मिळाले? १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासने : सरकारने वर्षातील ठरावीक काळ नागपुरात मुक्काम करावा, विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे व्हावे, नोकऱ्यांत व खर्चात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा. त्यांपैकी अधिवेशन तेवढे उरले आहे, आणि तेही दोन आठवड्यांत आटोपते.

आश्वासने पाळली गेली नाहीत हे सरकारी कागदच सांगतात. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष (मागे पडलेल्या भागांतील विकासाची तूट) सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला आणि त्यात विदर्भाचा हिस्सा ३९ टक्क्यांच्या आसपास होता. पुढे घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देशही दिले. पण त्याच दशकात कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाची २००० सालची मुदत पुढे करून कृष्णा खोऱ्यासाठी महामंडळ स्थापन झाले, कर्जरोखे काढले गेले आणि पैसा तिकडे वळला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. घटनेचा आधार असलेले संरक्षण असे अलगद गळून पडले आणि त्यावरून कोणतेही सरकार अडचणीत आले नाही. २८८ आमदारांच्या सभागृहात विदर्भाचे ६२ आहेत, हे त्याचे साधे कारण आहे.

सह्याद्री ते सातपुडा

कोरडवाहू यांनी दिलेला इतिहास बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

६२ आमदारांमुळे विदर्भाचे काही चालत नाही, हे म्हणणे मुख्यमंत्र्यांच्या यादीसमोर टिकत नाही. मारोतराव कन्नमवार, सलग अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपदी राहिलेले वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस हे सगळे विदर्भाचेच. सर्वोच्च खुर्ची इतकी वर्षे विदर्भाकडे असूनही अनुशेष राहिला असेल, तर केवळ खुर्ची मुंबईतून नागपुरात हलवल्याने तो कसा भरून निघणार?

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचेच पाहा. सुरुवातीला ३७२ कोटींचा अंदाज असलेल्या या प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ साली राजीव गांधी यांच्या हस्ते झाले, पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला, आणि आज त्याचा खर्च १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला आहे. म्हणजे निधी आलाच नाही असे नाही. रखडलेले पुनर्वसन, कालव्यांच्या कामाचा दर्जा, निविदांमधील घोळ आणि वाढत गेलेल्या किमती या रोगांवर राज्याचे नाव बदलणे हा उपाय नव्हे.

शिवाय तिजोरीचे काय? महाराष्ट्राच्या महसुलाचा मोठा भाग राज्याच्या स्वतःच्या करांतून येतो, आणि वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क यांचे मुख्य झरे मुंबई, ठाणे आणि पुणे इथे आहेत. शिक्षकांचे पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज भागवून नव्या राज्याच्या हाती सिंचनासाठी किती उरेल, हे विदर्भवाद्यांनी एकदा ताळेबंद मांडून दाखवावे.

वऱ्हाडातून

मी अमरावती विभागातला आहे आणि माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला, तेव्हापासून आमचे सगळे निर्णय नागपूरहून होऊ लागले, आणि तेव्हाही वऱ्हाडात कुरकुर होतीच. विमानतळालगतचे मिहान, मेट्रो, एम्स, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, जे काही विदर्भाच्या नावावर आले ते नागपुरात आले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेले सहा जिल्हे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. त्यांपैकी पाच वऱ्हाडातले. उद्या वेगळे राज्य झाले तर वऱ्हाडाची स्थिती आजच्या विदर्भासारखीच होणार नाही, याची हमी कोण देणार?

कोरडवाहू

वऱ्हाडातून यांच्या प्रश्नाकडे नंतर येतो, कारण तो जास्त कठीण आहे. आधी तिजोरी.

स्वतःच्या करांचे उत्पन्न घटेल हे खरे. पण केंद्राकडून मिळणाऱ्या वाट्याचे सूत्र पाहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांमधील वाटपात ४५ टक्के भार दरडोई उत्पन्नातील अंतराला, १५ टक्के क्षेत्रफळाला आणि १० टक्के वनांना दिला. मुंबईच्या उत्पन्नामुळे महाराष्ट्राची सरासरी फुगते आणि त्या सरासरीखाली गडचिरोली झाकली जाते. परिणामी जवळपास सव्वाअकरा कोटी लोकसंख्येच्या राज्याला २०२१-२६ साठी केंद्रीय करांतील राज्यांच्या एकूण वाट्यापैकी ६.३२ टक्के ठरले, तर त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी लोकसंख्या असलेल्या छत्तीसगडला ३.४१ टक्के. (दोन्ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार.) राज्याच्या जंगलाचा निम्म्याहून अधिक भाग विदर्भात आहे. त्या जंगलापोटी मिळणारे गुण आज मुंबईसह सर्वांच्या खात्यात जमा होतात. जंगल राखण्याची बंधने मात्र इथल्याच गावांनी सोसायची.

खनिजांबाबतही परिस्थिती बदलली आहे. कोळशावरील स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) दर केंद्र ठरवते, हे मी जाणतो. परंतु स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिजांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जुलै २०२४ मध्ये दिला. चंद्रपूरच्या कोळशावर किंवा सूरजागडच्या लोहखनिजावर असा कर लावायचा का आणि तो पैसा कुठे खर्च करायचा, हे मुंबईत ठरावे की नागपुरात?

आता खुर्ची हलवून काय होणार, या प्रश्नाविषयी. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातल्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर २०० किलोमीटरच्या आसपास अंतर कापावे लागते आणि राज्याची राजधानी हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे. त्याच्या गावासमोरच, गोदावरीवर, २०१४ साली जन्मलेल्या तेलंगणाने २०१६ मध्ये मेडिगड्डा बंधाऱ्याचे काम सुरू केले आणि जून २०१९ मध्ये त्याचे उद्‌घाटन केले. आमच्या गोसीखुर्दच्या भूमिपूजनाला त्या वेळी एकतीस वर्षे झाली होती.

सह्याद्री ते सातपुडा

मेडिगड्ड्याचे उदाहरण आपण दिलेत ते बरे झाले, कारण ते अर्धेच दिले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच बंधाऱ्याचे खांब खचले. तो ज्याचा भाग आहे त्या घाईने बांधलेल्या कालेश्वरम प्रकल्पाच्या कर्जाचे ओझे तेलंगणा आजही वाहते आहे. आणि फुगवट्याचे पाणी ज्या सिरोंचातल्या शेतांत शिरले, तिथल्या शेतकऱ्यांच्या बाजूने तेलंगणाशी भांडायला निदान महाराष्ट्रासारखे मोठे राज्य उभे होते. विदर्भ वेगळा असता तर ती ताकद कितपत राहिली असती?

विजेबद्दल आपण काही लिहिले नाहीत, परंतु या चर्चेत ती येतेच. विदर्भवादी म्हणतात : कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची वीजकेंद्रे आमची, धूर आम्ही गिळतो आणि वीज पुण्या-मुंबईला जाते. ही तक्रार रास्त आहे. मात्र राज्य वेगळे झाले की ती वीज आपोआप विदर्भाची होईल, हा समज आंध्रच्या विभाजनाने खोटा ठरवला आहे. तिथे वीजखरेदीचे करार प्रकल्प कुठे आहे यावरून न वाटता मागील वापराच्या प्रमाणात वाटले गेले आणि तेलंगणाला ५३.८९ टक्के वाटा मिळाला. पुढे थकबाकीवरून भांडण पेटले, २०१७ मध्ये आंध्रने तेलंगणाचा पुरवठा तोडला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तोच नियम इथे लागला तर धूर विदर्भातच राहील आणि विजेचा मोठा वाटा करारानुसार पश्चिमेकडे जात राहील.

तटस्थ वाचक

दोन्ही बाजू विभाजन हा जणू विदर्भातील जनतेच्या हातातला निर्णय आहे असे धरून चालल्या आहेत. तसे नाही. अनुच्छेद ३ प्रमाणे संसद साध्या बहुमताने नवे राज्य निर्माण करू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचे विधेयक फेटाळले आणि फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले. त्यामुळे अडथळा घटनेचा नसून पक्षांचा आहे. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वरच्या बैठकीत छोट्या राज्यांना पाठिंबा दिला, २००० साली छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड प्रत्यक्षात आणले, २०१४ मध्ये विदर्भातील ६२ पैकी ४४ जागा जिंकल्या. तरी विधेयक आले नाही, कारण मुंबई-कोकणातले राजकारण त्याला परवडणारे नव्हते. काँग्रेसचेही तेच : नागपुरात एक भूमिका, मुंबईत दुसरी.

मतदारांनीही या प्रश्नाला फार भाव दिलेला नाही. १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे आणि १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे नागपुरातून लोकसभेवर गेले, ते या मागणीच्या बळावर. त्यानंतर केवळ या मुद्द्यावर उभे राहणाऱ्यांना ठसा उमटवता आलेला नाही. मतपेटीतून दबाव येत नसेल तर कोणता पक्ष स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईल?

कोरडवाहू

मतदानाविषयीचे निरीक्षण मान्य. पण सोयाबीनला भाव मिळत नसताना मतदार आधी भावाचा विचार करतो, यावरून तो वेगळ्या राज्याच्या विरोधात आहे असे सिद्ध होत नाही.

विजेच्या वाटपाचा मुद्दा मात्र विदर्भवाद्यांनी गांभीर्याने घ्यायला हवा. आंध्रच्या पुनर्रचना कायद्यात संस्थांची वाटणी, कर्जाची विभागणी आणि पाण्याचे हक्क यांविषयी जी संदिग्धता राहिली, तिची किंमत दोन्ही राज्ये दहा वर्षांनंतरही मोजत आहेत. निदान राजधानीच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत : आंध्रला अमरावती नव्याने वसवावी लागली आणि ती सत्तांतरात अडकली, नागपुरात विधानभवन, सचिवालय, राजभवन हे सगळे १९५६ च्या आधीपासून उभे आहे.

वऱ्हाडाच्या हमीबद्दल म्हणाल, तर जिल्हानिहाय सिंचन-निधीचे किमान प्रमाण नव्या राज्याच्या निर्मिती-कायद्यातच लिहावे, आणि एक अधिवेशन अमरावतीला घ्यावे.

वऱ्हाडातून

अधिवेशनाचे नाव काढू नका. करारातल्या अधिवेशनाचे काय झाले ते आपणच वर लिहिले आहे. कायद्यातल्या प्रमाणाबद्दलही माझी हीच शंका आहे; अनुच्छेद ३७१(२) हा तर प्रत्यक्ष घटनेचा भाग आहे.

मला एकच ठोस गोष्ट विचारायची आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. गोसीखुर्दचे पाणी चारशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्यापर्यंत आणण्याची ही योजना आहे आणि तिचा अंदाजित खर्च ८८ हजार कोटींच्या घरात आहे. खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्यासाठी तरसणाऱ्या माणसाला राज्याच्या नावापेक्षा या कालव्याचे महत्त्व जास्त आहे. एकसंध महाराष्ट्र हा खर्च करील, की विदर्भ राज्य करू शकेल?

सह्याद्री ते सातपुडा

महाराष्ट्राला तो करता येण्याजोगा आहे. नवे राज्य पहिली दहा वर्षे तरी त्याचा विचारही करू शकणार नाही.

कोरडवाहू

करता येण्याजोगा आहे, हे गोसीखुर्दबद्दलही १९८८ साली खरे होते. महाराष्ट्र सरकारने या कालव्यासाठी पुढील पाच अर्थसंकल्पांत दरवर्षी किती तरतूद करणार हे विधिमंडळात बांधून घ्यावे आणि त्यातील पहिल्या वर्षाची रक्कम त्याच वर्षी खर्च करून दाखवावी. तसे झाले, तर निदान पश्चिम विदर्भात माझ्या मागणीला श्रोते मिळणार नाहीत, आणि मला त्याचे वाईट वाटणार नाही.