कोर आंग्ले म्हणजे नुसता जाड आवाजाचा ओबो का?

निवांतश्रोता: काल रात्री संगीतकार ड्वोरझाकची नववी सिंफनी लावली होती, १८९३ ची ती 'न्यू वर्ल्ड'. दुसऱ्या भागात ब्रासचे (पितळी वाद्यांचे) भारदस्त कॉर्ड संपले की जो एकटा आवाज येतो ना, तो मी इतकी वर्षं ओबोच (फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य) समजत होतो, आता कळलं ते कोर आंग्ले, ओबोचाच मोठा भाऊ. पण दोन्हींना डबल रीड (फुंकायची दुहेरी पाती), बोटं पण तीच, मग वेगळं वाद्य कशाला? ओबोवरच वाजवलं असतं की.

मंद्रातला: वाजवता येतंच! सुरुवातीच्या ओळीतला एकही सूर ओबोच्या आवाक्याबाहेर नाही. पण ओबोला ते सूर खालच्या अंगाला पडतात, तिथे आवाज जाड, खरखरीत होतो आणि हळू आवाजात सुरू करताना घाम फुटतो. कोर आंग्ले मुळातच पंचमाने खाली, त्यामुळे तेच सूर त्याला मधे सापडतात, आरामात. फरक तिथे आहे.

फुंकर: आणि खालचा तो पेरूसारखा फुगीर भाग विसरलात का, आवाज झाकल्यासारखा येतो तो त्यामुळेच ना?

मंद्रातला: सगळे तेच सांगतात पण मला अर्धवट पटतं. त्या फुगवट्याचा परिणाम मुख्यतः अगदी खालच्या सुरांवर. ड्वोरझाकच्या त्या पहिल्या सुराला बहुतेक भोकं उघडी असतात, आवाज वरूनच बाहेर पडतो, खालपर्यंत जातोय कुठे. लांब नळी आणि रुंद रीड, श्रेय यांना द्या. रीड बसते पण वेगळी, ओबोच्या रीडला बूच असतं, इथे वाकड्या धातूच्या नळीवर थेट खोचायची. (आणि नावाचा अर्थ 'इंग्लिश हॉर्न', प्रत्यक्षात ना इंग्लिश, ना हॉर्न.)

फुंकर: बरं बाबा. @निवांतश्रोता, दोन्ही शेजारी ऐकायचे तर बर्लिओझची १८३० ची 'सिंफनी फँटास्टिक', तिसरा भाग. कोर आंग्ले हाक मारतं, ओबो स्टेजच्या मागून ओ देतो. शेवटपर्यंत ऐका, मधे बंद करू नका.

निवांतश्रोता: ऐकलं आत्ता. ओबो टोकदार, हे जरा घोगरं, डोळे मिटूनही कळतं. पण शेवटी कोर आंग्लेने परत हाक मारली आणि ओबो आलाच नाही, मला वाटलं फाइल बिघडली म्हणून आवाज वाढवला तर लांबून नुसता टिंपनीचा (मोठ्या नगाऱ्यांचा) गडगडाट 😐

फुंकर: म्हणून तर म्हटलं बंद करू नका.