आलेलं ताट परत पाठवायचं का? (आपली ख्रिस्ती श्रद्धा आणि रोजचं जगणं, अनुभव लिहा)

बावडेकरीण
काल शुक्रवार, आमच्या गल्लीची टेंबलाई देवीची जत्रा. सकाळपासून पी-ढबाक वाजंत्री. बायका नदीचं नवं पाणी घेऊन गेल्या, आणि दुपारी दीडला समोरच्या काकी ताट घेऊन दारात. वर पेपर झाकलेला. माझी मुलगी नऊ वर्षांची, संडे स्कूलमध्ये सध्या काय काय ऐकून येते देव जाणे. काकींसमोरच विचारलं, "मम्मी, हे देवीचं हाय, आपल्याला चालतं का?"

काकी हसल्या. पण ताट धरलेला हात जरासा मागं गेला. तेवढा मागं गेलेला हात मला रात्रभर दिसत होता.

आमच्या लहानपणी, 1989 नाहीतर 90, मिशन कंपाऊंडमध्ये राहायचो तेव्हा पप्पांनी असंच ताट परत पाठवलेलं. आजीनं चष्मा लावला आणि बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा अध्याय काढला. तिथं पौल म्हणतो की मूर्ती म्हणजे काहीच नाही, खाल्ल्यानं आपण देवाच्या जास्त जवळ जात नाही की न खाल्ल्यानं लांब जात नाही. फक्त श्रद्धेनं दुबळा असलेल्या भावाला ठेच लागणार असेल तर खाऊ नको. पप्पा म्हणाले, "बघ, मी तेच म्हणतोय." आजी म्हणाली, "मग दुबळा भाऊ तूच हैस व्हय रं?" आणि पायात चप्पल घालून शेजारी गेली, ताट परत घेऊन आली. पप्पा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

काल मी ताट घेतलं. पोरीला मात्र नीट उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडे असं काही झालंय का? उपदेश नको, अनुभव लिहा. आणि ताट अजून ओट्यावर पडलंय, रिकामं कसं परत देऊ? नाताळला पाच महिने आहेत, नाहीतर करंज्या घातल्या असत्या.

शिरोलीचा भावड्या
मटण होतं का ते आधी सांगा.

बावडेकरीण
होतं. आंबील पण. भाकरी मीच दोन खाल्लो.

कोथरूडकर
माफ करा, 'खाल्लो'? आपण ताई की दादा?

शिरोलीचा भावड्या
आमच्याकडं बायका 'आलो, गेलो, खाल्लो'च म्हणतात ओ. कोल्हापूर हाय हे. तुम्ही जेवलासा का?

मिरजेची सून
मी लग्नाआधी हिंदू. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या फोटोपुढं मी समई लावली. विचार करून नाही, हात आपोआप गेला. नणंदेनं लगेच सांगितलं, मेणबत्ती लाव, समई काढ. मी म्हटलं वात तीच, ज्योत तीच, मेणाला चालतं आणि तेलाला का नाही? वाद सुरू असतानाच चर्चचे पाळकसाहेब (पास्टर) आले. आता हे काय बोलतात म्हणून सगळे गप्प. ते खाली बसले, खिडकीचा वारा येत होता म्हणून ज्योतीला हाताचा आडोसा धरला आणि म्हणाले, तेल कमी झालंय. संपला वाद. नणंदच तेल घेऊन आली.
मंगळसूत्र मी घालते, त्यात क्रूस आहे. तो एक वेगळाच किस्सा आहे, परत कधीतरी.

वचनावर उभा
सगळ्यांचा मान राखून लिहितो. ह्याला पुढारलेली श्रद्धा म्हणतात, मी सोयीची श्रद्धा म्हणतो. आज ताट, उद्या समई, परवा काय? आमच्या वडिलांनी विश्वासासाठी भावकी सोडली, वाटणी सोडली. त्यांना पण हे सोपं करून घेता आलं असतं.

बावडेकरीण
काका, तुमच्या वडिलांचं कमी नाही हो कुठं. पप्पांचं पण तेच होतं बहुतेक. मला ते उशिरा कळलं.

पेटीवाला
वचनावर उभा, रेव्हरंड टिळक आठवा, कवी ना. वा. टिळक. मिशनची नोकरी 1917 साली सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र. आणि त्यांनीही धर्मासाठी घरदार, बायको-पोराची ताटातूट सोसलीच होती की. सोयीचं म्हणून तर नक्कीच केलं नाही.
विषय निघालाच आहे तर, टिळकांची पदं आम्ही पेटी-तबल्यावर म्हणायचो, आता तरुण संघाला गिटार आणि ड्रम पाहिजे. ड्रमला विरोध नाही, पण अभंग ड्रमवर? आमच्या पेटीचा काळी चारचा सूर गेलाय. कोल्हापुरात पेटी दुरुस्त करणारं कुणी आहे का, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दोन नंबरची बाक
ताटाचं नाही, दुसरंच लिहिते. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) प्रभुभोजनाच्या विधीचा पेला, भाकर वाटायला फक्त पुरुष. भगिनी मंडळाकडे चहा, पोहे आणि वेदीवरची फुलं. मी वार्षिक सभेत उठून म्हटलं, पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल एकटीनं मराठीत आणलं, 1922 ला गेल्या तोवर तेच काम चाललेलं. ते बायबल बाईनं लिहिलेलं चालतं आणि तिच्या हातची भाकर चालत नाही? सभा गार. मग खजिनदार म्हणाले, "तो वेगळा विषय आहे. आता छपराच्या खर्चाचं बघू."
छपराला वर्गणी मात्र भगिनी मंडळानंच गोळा केली. चटण्या विकून!!

शिरोलीचा भावड्या
चटणी कुठली? कांदा-लसूण?

दोन नंबरची बाक
हो. यावर्षी मिरची महाग आहे, आधीच सांगते.

अनामिक आई
पहिल्यांदाच लिहितेय. 2018 साली समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कोर्टाचा 377 चा निकाल आला त्याच रात्री मुलानं मला स्वतःबद्दल सांगितलं. जेवण वाढत होते, डाव तसाच हातात. मी पाळकांकडे गेले, ते म्हणाले तो बदलावा म्हणून प्रार्थना करू. वाईट माणूस नाही तो, माझ्या दोन्ही बाळंतपणात दवाखान्यात आलेला. पण त्या प्रार्थनेला मला आमेन म्हणता येईना. सात महिने चर्चला गेले नाही. घरीच रात्री दोन ओळी वाचायची.
मग एका रविवारी मुलगाच म्हणाला, आई चल, तुला गाणी आवडतात. आता आम्ही शेवटच्या बाकावर बसतो. कुणी काही बोलत नाही. एक म्हातारी बाई दर रविवारी मागं येऊन त्याच्या हातात लिमलेटची गोळी देते. माहीत असून देते की माहीत नाही म्हणून, ते मी विचारलेलं नाही.
कुकर झाला, जाते.

मिरजेची सून
ताई 🙏 गोळीवाल्या आजींना माझा नमस्कार.

पेटीवाला
तुम्ही पुढच्या बाकावर बसा. गाणी तिथून नीट ऐकू येतात.

कागदावरचा हिंदू
ज्यांचा दाखला ख्रिस्ती म्हणून आहे त्यांनी श्रद्धेवर निवांत लिहावं. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत आधी फक्त हिंदूंना, मग 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्धांना. आपण ख्रिस्ती बाहेरच. म्हणून आज्जा बाप्तिस्म्याचा, मी पण बाप्तिस्म्याचा, पण शाळेच्या दाखल्यावर हिंदू. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी इतर समाजांबरोबर ख्रिश्चन पोरांसाठी पण बोर्डिंग काढलेलं. चर्चमध्ये नाव एक, तहसीलमध्ये दुसरं. खोटं बोलतोय असं वाटतं, आणि फी भरताना वाटत नाही. हाच माझा अनुभव.

वचनावर उभा
यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या धाकट्या भावाचं तेच आहे.

एक सांगतो, वाद म्हणून नाही. 2019 च्या पुरात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 43. हायवे बंद, दूध बंद. चर्चच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं, त्यात निम्मी मुसलमान. रविवारी उपासना घ्यायची की खिचडी करायची, कारण मोठी जागा एकच. उपासना चुकवायची नाही म्हणून मीच अडून बसलो. आमच्या मिसेस म्हणाल्या, "शब्बाथ (विश्रांतीचा वार) मनुष्यासाठी झाला, पुढचं तुम्हालाच पाठ आहे." आणि वेदीपुढंच तांदूळ निवडायला बसल्या. मी बाकं उचलली. दुपारी कोपऱ्यात दोघातिघांनी नमाज पढली, मला ते बघवलं नाही, बाहेर जाऊन उभा राहिलो. पण हॉलचं दार लावून घेतलं, पोरं दंगा करत होती म्हणून.

बावडेकरीण
काका 🙏

कोथरूडकर
ताटाचं काय झालं शेवटी?

पेटीवाला
गूळ घाला ताई. चर्चच्या उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानायच्या सणाच्या) लिलावात मी दरवर्षी ढेप घेतो, लोक मुद्दाम भाव चढवतात. गेल्या वर्षी एक भोपळा तीन वेळा विकला, प्रत्येकजण घेऊन परत देणगी द्यायचा.

बावडेकरीण
गूळ संपलाय. पोरगीनं तोवर साखर घातली वाटीभर, वर आंब्याच्या दोन वड्या. आता म्हणते तू नको येऊ, मीच देऊन येतो. गेली पण. अर्धा तास झाला, अजून आली नाही, तिकडंच जेवायला बसली वाटतं.

शिरोलीचा भावड्या
काल उरलेलं आज जास्त लागतं. बघा जरा काकींकडं काय शिल्लक आहे का.