नवशिक्यांना तत्त्वज्ञान शिकवताना शाखांची यादी देऊ नये (मी दिली, आणि आपटलो)

पायरीवर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी वाचनकट्टा असतो. पुण्यात कर्वेनगर, पार्किंगमधल्या खुर्च्या, चहा माझ्याकडून. गेल्या महिन्यात मी "तत्त्वज्ञानाची तोंडओळख" करून द्यायचं अंगावर घेतलं. पहिल्या शनिवारी चौदा जण आले. मी फळ्यावर पाच शाखा लिहिल्या: सत्ताशास्त्र (जे आहे ते मुळात काय आहे), ज्ञानमीमांसा (आपल्याला कळतं ते कसं), नीतिशास्त्र, तर्कशास्त्र, सौंदर्यशास्त्र. प्रत्येकीची दोन ओळींची व्याख्या. "सत्ताशास्त्र" म्हणताच मागून एक काका म्हणाले, "यात महापालिका येते का?" त्या तासातला तेवढाच क्षण जिवंत होता. पुढच्या शनिवारी पाच जण आले, त्यातले दोघे चहासाठी.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते असं. मराठीत हा विषय शब्दापासूनच अडतो. "उगाच तत्त्वज्ञान झाडू नकोस" असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला उपदेश म्हणायचं असतं. "तत्त्वज्ञान" म्हटलं की ज्ञान कुणाच्या तरी हाती आधीच आलंय आणि आता फक्त वाटप बाकी आहे, असं वाटतं. "फिलॉसॉफी" हा ग्रीक शब्द बिचारा नम्र आहे: शहाणपणाची ओढ, बस्स. मालकीचा दावा नाही. मला वाटतं, आपण जे न तपासता धरून चाललोय ते उजेडात आणायचं आणि त्याला कारण मागायचं, हे या विषयाचं खरं काम. उत्तरं नव्हेत, प्रश्न. सॉक्रेटिसने अथेन्सच्या बाजारात हेच केलं आणि इ.स.पू. ३९९ मध्ये त्याला विष प्यावं लागलं. उपदेश केला असता तर बहुधा सत्कार झाला असता.

तिसऱ्या शनिवारी मी फळा आणलाच नाही. बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय काढला, जो वेताळ टेकडीवरून न्यायचा घाट आहे. पाच मिनिटांत भांडण. आणि भांडता भांडता सगळ्या शाखा आपोआप बाहेर आल्या. टेकडी म्हणजे दगड, माती, झाडं यांची बेरीज, की त्याहून वेगळी काही एक वस्तू? (काका, हे तुमचं सत्ताशास्त्र.) "कोंडी कमी होईल" हे तुम्हाला कळलं कसं, नकाशावरून, अनुभवावरून की कुणी सांगितलं म्हणून? तिथल्या मोरांचा काही हक्क आहे, की मोर आपल्याला बघायला आवडतो म्हणूनच त्याची किंमत? "रस्त्याला विरोध म्हणजे विकासाला विरोध" या उडीत मधली कुठली पायरी गाळली? जुन्या खाणीच्या काठावर संध्याकाळी बसल्यावर जे वाटतं, ते सौंदर्य तिथे असतं की आपण घरून घेऊन जातो?

तर माझं मत: यादी शेवटी द्यावी, किंवा देऊच नये. हाणा.

दुपारची_झोप

१ ते ४ सोडून कधीही येईन. चहा कुठला असतो?

सरळपट्टी

पायरीवरसाहेब, पस्तीस वर्षं रस्ते आणि पूल केले, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमचे पाचही प्रश्न ऐकायला गोड आहेत, पण त्यांतला एकही तत्त्वज्ञाने सुटत नाही. कोंडी कमी होईल का, हे वाहतुकीच्या मोजणीने ठरतं. मोरांचं काय, ते पक्षीतज्ज्ञ सांगतील. सौंदर्य कुठे असतं, ते मेंदूवाले शोधतायत. एके काळी सगळं तत्त्वज्ञानाच्याच घरात होतं हे मान्य. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथाच्या नावातसुद्धा "निसर्गाचं तत्त्वज्ञान" असंच म्हटलं होतं. पण मग भौतिकशास्त्र वेगळं निघालं, मानसशास्त्र वेगळं निघालं. कर्ती मुलं बाहेर पडली आणि वाड्यात आता भाडेकरूसुद्धा नाहीत. नवशिक्यांना हे सांगा ना, की विषय ऐतिहासिक आहे.

आणि रस्ता व्हायला हवा. कोथरूडहून सेनापती बापट रस्त्याला रोज जाऊन बघा.

पायरीवर

सरळपट्टी, टेकडी फोडली तर भूजल किती कमी होईल, हे भूजलतज्ज्ञ सांगेल. "मग फोडू नये" हे तो कुठल्या उपकरणाने मोजणार? "आहे" वरून थेट "असावं" वर उडी मारता येत नाही, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकात दाखवलं, ते अजून कुणी खोडलेलं दिसत नाही. आणि "मोजता येतं तेवढंच खरं" हे तुमचं गृहीत कुठल्या मोजणीतून आलं?

वाड्यातून मुलं गेली, पण वाडा कुणाचा हा दावा अजून चालू आहे.

न्यायप्रविष्ट

दोघांशीही असहमत. (नावावरून घोटाळा नको. वकील नाही, न्यायदर्शन शिकतो, म्हणजे तर्काची जुनी भारतीय परंपरा. टिळक रस्त्याजवळ एका शास्त्रीबुवांकडे गेली सहा वर्षं.)

धागाकर्त्यांचं म्हणणं की यादीने सुरुवात करू नये. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांचं पहिलंच सूत्र म्हणजे सोळा पदार्थांची (विचाराच्या विषयांची) यादी आहे! प्रमाण (ज्ञानाचं साधन), प्रमेय (ज्ञानाचा विषय), संशय, प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त असं करत करत निग्रहस्थानापर्यंत (वादात जिथे हार ठरते ती जागा). ती यादी दीड हजार वर्षांहून अधिक काळ लोक घोकतायत आणि त्यातून एकाहून एक तैलबुद्धीचे पंडित निघाले. यादी मेली नाही, तुमचं शिकवणं पडलं. राग मानू नका.

दुसरं, "तत्त्वज्ञान म्हणजे उपदेश, फिलॉसॉफी म्हणजे प्रश्न" ही वाटणी मला मंजूर नाही. त्या यादीत तिसऱ्याच क्रमांकावर संशय आहे. संशयाशिवाय विचार सुरूच होत नाही, हे आपल्याला अथेन्सहून आणावं लागलं नाही. पण त्याच सूत्रात पुढे म्हटलंय की या सोळांच्या यथार्थ ज्ञानाने निःश्रेयस, म्हणजे परमकल्याण साधतं. दर्शनात प्रश्न विचारायचा तो पोहोचण्यासाठी. तुमच्या कट्ट्यावर नुसतं भांडून सगळे आठ वाजता जेवायला घरी जाणार.

आणि कृपा करून नवशिक्यांच्या डोक्यातून एक गोष्ट काढा: "आस्तिक" दर्शनं म्हणजे देव मानणारी नव्हेत. वेदाचं प्रामाण्य मानतात म्हणून ती आस्तिक. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा, वेदान्त ही सहा. यांतलं जुनं सांख्य जग निर्माण करणाऱ्या ईश्वराशिवाय चालतं, आणि वेदांवर एवढी निष्ठा असलेली पूर्वमीमांसा (यादीतली मीमांसा ती हीच) सुद्धा. चार्वाक, जैन, बौद्ध वेद मानत नाहीत म्हणून नास्तिक. मोक्ष तर जैन-बौद्धांनाही हवाच आहे. एकटा चार्वाक तेवढा म्हणतो, प्रत्यक्ष दिसेल तेवढंच प्रमाण. सरळपट्टी, तुमचे पूर्वज सापडले.

सरळपट्टी

चार्वाक चालेल. निदान तो घाट घालत नाही.

ओलं_फडकं

एवढ्या लांब कशाला जायचं? देहू इथून तासाभरावर आहे. "सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता." झाली की ज्ञानमीमांसा. बहुमत हे प्रमाण नव्हे, एवढं कळलं तरी नवशिक्याचं अर्धं काम झालं. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांचं तर पूर्ण.

न्यायप्रविष्ट

फडकं, तुकोबांना दंडवत, पण पुढचा प्रश्न टाळता येणार नाही. मन ग्वाही, पण कुणाचं मन? माझं आणि सरळपट्टींचं मन वेगळी साक्ष देतं तेव्हा निवाडा कोण करणार? नैयायिक (न्यायदर्शनवाले) चार प्रमाणं सांगतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून कळणं), शब्द (भरवशाच्या माणसाचं किंवा शास्त्राचं वचन). मन हे आतलं सुखदुःख कळायचं साधन आहे, न्यायाधीश नव्हे.

ओलं_फडकं

आणि "शब्द" हे प्रमाण कुणी ठरवलं? दुसऱ्या शब्दाने? पुण्यात हे भांडण नवं नाहीये. शास्त्रात लिहिलंय हे पुरेसं कारण आहे का, यावर आगरकरांनी केवढी शाई खर्च केली. मुलींचं संमतीचं वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर टिळक आणि आगरकर समोरासमोर उभे होते, तेव्हा आगरकरांच्या बाजूला "ही सुधारणा योग्य आहे का" हा प्रश्न होता आणि टिळकांच्या बाजूला "परक्या सरकारला ती कायद्याने लादायचा अधिकार आहे का" हा. दोन वेगळे प्रश्न एकमेकांवर आदळत होते. पायरीवरांनी कट्ट्यावर हे घ्यावं. टेकडीपेक्षा जास्त खुर्च्या मोडतील.

रात्रपाळी

मी एका रुग्णालयात परिचारिका आहे. नाव सांगत नाही. धागा दोनदा वाचला आणि पायरीवरदादांशी माझं जमत नाहीये.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, आमच्याकडे एक खाट रिकामी झाली की खाली चार जण थांबलेले असायचे. कुणाला आधी घ्यायचं, याचा एक कागद आम्हाला दिला होता. वाचण्याची शक्यता जास्त तो आधी, असा साधारण अर्थ. तेव्हा मला तो डॉक्टरी कागद वाटला. नंतर सुट्टीत नीतिशास्त्राचं एक पुस्तक हाती आलं तेव्हा कळलं की त्या कागदात बेंथम आणि मिल हे इंग्रज तत्त्वज्ञ बसले होते: जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं. आणि ज्या आजोबांना आम्ही "थोडं थांबा" म्हणालो, त्यांचा मुलगा ओरडत होता, "आम्ही सकाळपासून आलोय, माणूस आहे तो, आकडा नाही!" तो जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या बाजूने बोलत होता. माणसाला नुसतं साधन समजू नये, तो स्वतःच साध्य आहे. त्याने कांटचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही.

म्हणून सरळपट्टीकाका, विषय ऐतिहासिक नाहीये. तो छापील कागद होऊन हातात येतो, आणि तो लिहिताना कुणीतरी एक बाजू आधीच घेतलेली असते.

पण दादा, तुम्ही म्हणता उत्तरं नकोत, प्रश्न हवेत. रात्री ३ वाजता मला उत्तरच हवं होतं. चार खुर्च्या टाकून "दोन्ही बाजू कशा रोचक आहेत" असं म्हणणं जमलं नसतं. तत्त्वज्ञान निर्णयापर्यंत आणून सोडणार नसेल तर मला ते चैनीचं वाटतं. मी नवशिकी आहे, चुकत असेन.

पायरीवर

ताई, चुकत नाही आहात. "उत्तरं नव्हेत" हे मी जोरात लिहिलं, ते मागे घेतो. एवढंच म्हणेन की त्या कागदाला कुणी तरी आधी, शांतपणे, दिवसाउजेडी प्रश्न विचारायला हवे होते, म्हणजे रात्री ३ वाजता तुम्हाला एकटीला ते सोसावं लागलं नसतं.

न्यायप्रविष्ट, शिकवणं पडलं हे मान्य, यादीचं मान्य नाही. तुमची सोळांची यादी ज्यांच्यासमोर ठेवली जायची ते रोज वाद घालणारे होते. त्यांना हत्यारांची नावं हवी होती. माझ्या चौदा जणांच्या हातात अजून लाकूडच नव्हतं.

सरळपट्टी

रात्रपाळी, तुमचं पटलं. नीतीचं खातं वेगळं ठेवतो. बाकी चार शाखांबद्दल माझं मत कायम. विशेषतः तर्कशास्त्र. साध्या अकलेला भारी नाव.

न्यायप्रविष्ट

बघू या की. तुमचाच दावा पाच अवयवांत मांडतो.

प्रतिज्ञा: या रस्त्याने कोंडी कमी होईल.
हेतू: कारण त्याने वाहनांना नवी वाट मिळते.
उदाहरण: जिथे जिथे नवी वाट मिळते, तिथे तिथे कोंडी कमी होते, जसं की ______.
उपनय: हा रस्ताही तशीच नवी वाट आहे.
निगमन: म्हणून कोंडी कमी होईल.

सगळा डोलारा तिसऱ्या ओळीवर उभा आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून आग आहे असं म्हणतो, कारण स्वयंपाकघरात चुलीपाशी धूर आणि आग सोबत पाहिलेली असते आणि आगीशिवाय धूर कुठे पाहिलेला नसतो. ही व्याप्ती. हेतू आहे पण साध्य (जे सिद्ध करायचं ते) नाही अशी एक जागा दाखवली की हेतू सव्यभिचार ठरतो, दावा पडतो. जागा देतो: विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल. कोंडीसाठी बांधला आणि २०२० मध्ये पाडला. गाळलेली जागा तुम्ही भरा.

दुपारची_झोप

हा वाद आहे की वितंडा?

न्यायप्रविष्ट

चांगला प्रश्न. सत्य शोधायला दोघं बसतात तो वाद. जिंकायला बसतात तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं ती वितंडा. रस्ता नकोच असं मी अजून म्हटलेलं नाही, म्हणजे आत्ता मी वितंडेच्या उंबऱ्यावर आहे.

सरळपट्टी

आहातच. शिवाय तुमचं उदाहरण चुकीचं आहे. तो पूल पाडला तो मेट्रो आणि नवा दुमजली पूल बसवायला जागा हवी म्हणून. पाडला यावरून त्याने कोंडी कमी केली नव्हती हे सिद्ध होत नाही. तुम्ही दाखवलीत ती जागा "साध्य नाही" अशी नाही, "पूल नाही" अशी आहे. हे मला सूत्रं न वाचता दिसलं.

बाकी गाळलेली जागा भरायला बसलो होतो. तीन नावं लिहिली. रात्री त्यातली दोन खोडली. एक उरलंय, पण त्या भागात त्याच वर्षी दुसराही एक रस्ता झाला होता, तेव्हा श्रेय कुणाचं ते बघतोय.

न्यायप्रविष्ट

बरोबर. दृष्टान्त मागे घेतो. व्याप्तीवरचा आक्षेप मात्र उभा आहे.